मदत हवी आहे: 'रेड रिव्हर'च्या सबटायटल्स जुळत नाहीत

माळावरचा
शनिवारी दहा-बारा जणांना 'रेड रिव्हर' हा जुना वेस्टर्न चित्रपट दाखवायचा आहे. सबटायटल्स मागे पडतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' दाबून जुळवल्या की थोड्या वेळाने पुन्हा तेच. तीन फायली वापरून झाल्या. सबटायटल्सशिवाय भागणार नाही, कारण वॉल्टर ब्रेननचा ग्रूट पोकरमध्ये कवळी हरतो आणि पुढे बराच वेळ नुसत्या हिरड्यांनी बोलतो. लवकर सांगा.

रीळ_सात
किती मागे? दहाव्या मिनिटाला किती आणि तासाभराने किती? फरक हळूहळू वाढतो की एखाद्या ठिकाणी एकदम उडी मारतो? चित्रपटाची फाइल कुठून आली, एकूण लांबी किती? हे कळल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

सांजवेळ
टीव्हीवर दाखवणार असाल तर आधी 'झूम' आणि 'वाइड' बंद करा. १९४८ चा चित्रपट आहे, चित्राची रुंदी-उंची १.३७ ला १. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण २२०-२२० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहायलाच हव्यात. त्या घालवायला गेलात की घोडे आडवे सुजतात किंवा टोप्या कापल्या जातात. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं 'मोशन स्मूदिंग'ही बंद.

गिरगावची_गॅलरी
पहिल्यांदा बघणारे असतील तर 'स्टेजकोच' लावा. ९६ मिनिटं, एक घोडागाडी, मॉन्युमेंट व्हॅली, आणि जॉन वेनचा तो पहिला प्रवेश. किंवा 'हाय नून', ८५ मिनिटं. सव्वादोन तासांचा गुरांचा प्रवास नवख्यांना जड जाईल.

माळावरचा
चित्रपट ठरलेला आहे, बदलणार नाही. पट्ट्यांचाही त्रास नाही. फाइल लंडनहून आलेल्या डीव्हीडीवरून उतरवली आहे, डिस्कवर सबटायटल्स नाहीत. लांबी १२७ मिनिटं.

तेरेखोल
मग उघड आहे. 'रेड रिव्हर'च्या दोन आवृत्त्या आहेत. १३३ मिनिटांचीत हस्तलिखिताची पानं दाखवून कथा पुढे नेतात, १२७ मिनिटांचीत त्या जागी ग्रूटचं निवेदन आहे. तुमची निवेदनाची आहे आणि सबटायटल्स पानांच्या आवृत्तीच्या. दुसऱ्या शोधा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला स्वतःला छोटीच जास्त पसंत होती, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

रीळ_सात
लांबीवरून आवृत्ती ओळखू नका. याच चित्रपटात हमखास फसायला होतं. युरोपातली डीव्हीडी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटी. (दूरदर्शनचीही हीच पद्धत होती.) चित्रपट २४ चौकटींवर घेतलेला. तो २५ने पळवला की सुमारे चार टक्के आखूड होतो आणि १३३ मिनिटं जवळजवळ १२७ वर येतात! म्हणजे १२७ ही निवेदनाची आवृत्ती असेल, नाहीतर पळवलेली पानांची.

माळावरचा, दोन गोष्टी बघून सांगा. सुरुवातीला पुस्तकाची पानं दिसतात की ग्रूटचा आवाज ऐकू येतो? आणि मी विचारलेले आकडे.

माळावरचा
पानं दिसतात. निवेदन नाही. ३० व्या मिनिटाला १ मिनिट २५ सेकंद मागे, तासाला २ मिनिटं ४२ सेकंद. दोन फायलींचं असंच. तिसरीत मधेच अशा ओळी येतात ज्या कोणी बोलतच नाही.

रीळ_सात
तिसरी टाकून द्या, ती निवेदनाच्या आवृत्तीची. त्या ओळी ग्रूटच्या निवेदनाच्या. तेवढ्यापुरतं तेरेखोल यांचं बरोबर.

उरलेल्या दोन्हींचा हिशेब बघा. अर्ध्या तासात फरक १ मिनिट १७ सेकंदांनी वाढला. २३.९७६ (२४ चौकटींचा चित्रपट व्हिडिओ फायलींत बहुधा या वेगाने असतो) आणि २५ मधल्या तफावतीने नेमका एवढाच वाढतो. उरलेले ८ सेकंद सुरुवातीपासूनचे आहेत, बहुधा कंपनीच्या बोधचित्राचे. 'जी'-'एच'ने फक्त ठरावीक सेकंद सरकतात, वेग बदलत नाही. म्हणून जुळवलेलं पुन्हा सुटतं.

'सबटायटल एडिट' घ्या, फुकट आहे. मूळ फाइलची प्रत करून ती उघडा. 'सिंक्रोनायझेशन'मध्ये 'चेंज फ्रेम रेट' (सेकंदाला किती चौकटी): 'फ्रॉम' २३.९७६, 'टू' २५. उलटं भरलंत तर तासाला सव्वापाच मिनिटं मागे पडेल, त्यावरून चूक लगेच कळेल. मग 'अ‍ॅडजस्ट ऑल टाइम्स'मध्ये ७.७ सेकंद अलीकडे. ८ नाही, कारण आधीच्या पायरीत तेही आकसले. क्रम हाच ठेवा. साठवताना अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ ठेवा.

दगडी_वाडा
एवढा खटाटोप कशाला? व्हीएलसीत वेग ०.९६ करा. चित्रपट मूळ वेगावर येईल, सबटायटल्स आपोआप जुळतील.

रीळ_सात
जुळणार नाहीत. व्हीएलसी सबटायटल्स फाइलच्या घड्याळावर दाखवतं. चित्र हळू केलं की सबटायटल्सही तेवढ्याच हळू, म्हणजे चूक तशीच राहते.

दगडी_वाडा
पण मूळ वेग महत्त्वाचा नाही का? २५ वर आवाज पाऊण स्वराच्या जवळपास चढतो. वेनचा आवाज बारीक लागतो आणि संगीतकार टिओमकिनच्या संगीतातला कोरस तर सरळ वरच्या पट्टीत जातो.

तेरेखोल
पाऊण नाही, अर्ध्या स्वरापेक्षाही कमी. एका अर्धस्वराचे साधारण सात दशांश.

रीळ_सात
तेरेखोल यांचा आकडा बरोबर आणि दगडी_वाडा यांचा मुद्दाही बरोबर. शनिवारनंतर सवड काढून करायचं असेल तर आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'चेंज स्पीड अँड पिच', उणे ४.०९६ टक्के. 'चेंज टेम्पो' नको, त्याने वेग उतरतो पण पट्टी चढलेलीच राहते. चित्र एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये २३.९७६ वर बसवून दोन्ही जोडा. मग सबटायटल्सना फ्रेम रेट बदलायची गरजच नाही, मूळ फाइल ८ सेकंद अलीकडे घेतली की झालं. आत्ता मात्र याच्या नादी लागू नका.

सांजवेळ
अजून एक. टीव्हीचा 'कलर' शून्यावर आणा. फाइलमध्ये हिरवी-जांभळी झाक असेल ती जाते. पडद्याचा स्वतःचा निळेपणा मात्र त्याने जात नाही, त्यासाठी 'कलर टेम्परेचर' वॉर्मवर. आणि 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद, नाहीतर शेकोटीभोवतीचे चेहरे काळोखात बुडतात. छायालेखक रसेल हार्लनने त्या करड्या छटांवर केवढी मेहनत घेतली आहे!

गिरगावची_गॅलरी
करड्यावरून आठवलं. 'हाय नून'चं आभाळ पांढरंफट्ट दिसतं म्हणून ब्राइटनेस उतरवू नका. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीने आभाळ गडद करणारा फिल्टर मुद्दाम टाळला होता. उलट 'फोर्ट अपाचे'मध्ये आर्ची स्टाउटने इन्फ्रारेड फिल्म वापरली, म्हणून आभाळ काळंभोर आणि ढग पांढरे. दोन्हींना एकच सेटिंग लावून एकसारखं करायला जाऊ नये.

माळावरचा
फ्रेम रेट बदलला, ७.७ सेकंद सरकवले. १० व्या, ६० व्या, ११५ व्या मिनिटाला तपासलं, बरोबर. फक्त पानं दिसतात तेव्हा सबटायटल येत नाही, आणि ते वळणदार अक्षर मागच्या रांगेतून वाचता येणार नाही. काय करू?

रीळ_सात
त्याच प्रोग्रॅममध्ये नवी ओळ घाला. पान पडद्यावर जितका वेळ आहे तितकाच वेळ ठेवा. एका वेळी दोन ओळी, प्रत्येकी ४० अक्षरांच्या आत. पान लांब असेल तर तुकडे करा. आणि मराठीतच लिहा, बघणाऱ्यांना तेच सोपं पडेल.

माळावरचा
आज रात्रीच बसतो.