निदानात एआय चालेल का, हे लोकांना विचारायचं कसं?

प्रश्न

छातीच्या एक्स-रेच्या वाचनात एआय वापरलं तर रुग्णांना चालेल का, यासाठी प्रश्नावली करतो आहे. अडचण अशी, की प्रश्न जरा बदलला की उत्तरं पालटतात. प्यू रिसर्च या जनमत पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या अमेरिकेतल्या अहवालात ६० टक्के लोक म्हणाले, आपल्या उपचारात डॉक्टर एआयवर विसंबले तर अस्वस्थ वाटेल. त्याच अहवालात त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणीत एआय हवं म्हणणारे ६५ टक्के. खरं मत कोणतं धरायचं?

क्षकिरण यांचं उत्तर

दोन्ही खरी. पहिल्या प्रश्नात लोकांना डॉक्टर बाजूला सरलेला दिसतो, दुसऱ्यात एकच नेमकं काम. म्हणून 'एआय चालेल का' हे वाक्यच काढा आणि कामं सुटी करा: तातडीचे एक्स-रे रांगेत पुढे आणणं, डॉक्टरांनी पाहिल्यावर पुन्हा नजर टाकणं, आणि डॉक्टरांनी न पाहताच 'नॉर्मल' ठरवणं. तिसऱ्यात चूक झाली तर जबाबदार कोण, हे त्याच ओळीत लिहा. नाहीतर जो तो आपल्या मनाने कुणीतरी गृहीत धरतो आणि उत्तरांची तुलनाच होत नाही.

नमुना हवा तर स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत एआय वापरून पाहणारी स्वीडनची 'मासाई' चाचणी बघा. तिथे एआय मॅमोग्रामला (स्तनांच्या एक्स-रेला) धोक्यानुसार १ ते १० गुण देई; १० आले तर तो दोन रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे वाचणारे डॉक्टर) वाचत, एरवी एक. माणूस नेमका कुठे आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आकडेमोड यांचं उत्तर

'९० टक्के अचूक' असं मुळीच लिहू नका. हजारात १० आजारी असतील आणि एआय आजारी व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखत असेल, तर ९ सापडतात, १ निसटतो आणि ९९ निरोगी माणसांच्या मागे पुढच्या तपासण्या लागतात. संशयित १०८, त्यात खरे आजारी ९. हे आकडे दाखवण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न विचारा.

क्षकिरण यांचं पुन्हा उत्तर

आणि नकाराचं कारण मोकळं लिहू द्या. 'माझ्यासारख्यांवर हे तपासलंय का' ही शंका अडाणीपणाची नाही. एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या एआय मॉडेलचा २०१८ मध्ये अभ्यास झाला. ज्या रुग्णालयांच्या एक्स-रेवर ते शिकलं, त्यांच्या बाहेरच्या रुग्णालयांच्या एक्स-रेवर ते बऱ्याचदा कमी पडलं. शिवाय फोटो कुठल्या रुग्णालयातला हेही त्याला ओळखता येत होतं, म्हणजे फुप्फुसाकडे न बघताच अंदाज बांधायची वाट मोकळी. तेव्हा असा नकार 'गैरसमज' या रकान्यात टाकू नका. 'याच रुग्णालयातल्या चाचणीचे निकाल दाखवले तर चालेल का?' हा पुढचा प्रश्न जोडा.