कव्हर बनवणाऱ्यालाही मान हवाच

वर कोणीतरी म्हटलंय की आता सगळे मोबाईलवरच ऐकतात मग लॅटिन ग्रॅमीत (म्हणजे लॅटिन संगीताच्या पुरस्कारांत) पॅकेजिंगला, अल्बमच्या कव्हर-सजावटीला, वेगळं बक्षीस कशाला. मला अजिबात पटत नाही. लॅटिन ग्रॅमी 2000 ला सुरू झाले आणि ही कॅटेगरी यायला 2007 उजाडलं, आणि ते बक्षीस गायकाला नाही तर कव्हर घडवणाऱ्या आर्ट डायरेक्टरला मिळतं, एरवी त्याचं नाव कोण वाचतं?

इथे इझी सॅनाब्रिया या कव्हर डिझायनरचा विषयच निघाला नाही म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या फानिया रेकॉर्ड्स या कंपनीसाठी साल्साची (लॅटिन नाचाच्या संगीताची) कितीतरी कव्हरं त्याने केली. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या विली कोलोनच्या 'ला ग्रान फुगा' अल्बमचं कव्हर नीट बघा, चक्क एफबीआयच्या वाँटेड नोटिशीची नक्कल आहे, गुन्हेगारासारखा फोटो, आणि खाली मजकूर असा की हा माणूस ट्रॉम्बोन बाळगून आहे, धोकादायक समजावा! एक सूर न ऐकता त्या पोराचा सगळा रुबाब कळतो. याच सॅनाब्रियाने 1975 मध्ये, लॅटिन ग्रॅमी सुरू व्हायच्या कितीतरी आधी, मुख्य ग्रॅमीत लॅटिन संगीताला जागाच नाही म्हणून आपल्या 'लॅटिन न्यूयॉर्क' मासिकातर्फे स्वतःच अवॉर्ड्स भरवले, आणि पुढच्याच वर्षी त्या मुख्य ग्रॅमीत लॅटिनसाठी पहिलं बक्षीस दिलं गेलं, ते पियानोवादक एडी पाल्मिएरीला.