हणजूणच्या बाजारातले ए-२ जॅकेट खरोखर युद्धकाळातले आहे का?

प्रश्न (फोंडा)

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी हणजूणच्या बाजारात मी गडद तपकिरी चामड्याचे, जुन्या वैमानिकांच्या धर्तीचे एक जॅकेट विकत घेतले. आतल्या लेबलावर ‘टाइप ए-२’ ही अक्षरे आणि कंत्राट क्रमांक विणलेला आहे. चामड्यावर बारीक दाणे दिसतात आणि पुढच्या दोन्ही खिशांत वरून झडप उघडून हात जातो, तसाच तो बाजूनेही जातो. डाव्या खांद्यावर चामड्याचे रंगीत तुकडे जोडून केलेली एक ढाल शिवलेली असून तिच्यावर लाल-पांढरे उभे पट्टे आणि वरच्या निळ्या भागात एक सूर्य व एक तारा आहे. हे दुसऱ्या महायुद्धातले जॅकेट असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. ते खरे मानावे का? शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून कॉलरखाली पांढरी बुरशी धरू लागली आहे. तिचे काय करावे?

उत्तर (मडगाव)

लेबल सर्वांत शेवटी पाहावे, कारण जुनी जॅकेटे हौशी ग्राहकांसाठी नव्याने बनवणारे कारखाने युद्धकाळातली लेबले कंत्राट क्रमांकासह हुबेहूब विणून घेतात. आधी शिलाई आणि कातडे पाहावे. अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने ए-२ हे १९३१ साली स्वीकारले आणि १९४३ मध्ये त्याची खरेदी थांबवली. त्या काळातली बहुतेक जॅकेटे घोड्याच्या कातड्याची आहेत. त्यांची पाठ एकसंध असते, कॉलरची टोके खाली दडवलेल्या टिचबटणांनी बसतात आणि खिशांना फक्त वरून तोंड असते. १९८८ साली अमेरिकी हवाई दलाने हे जॅकेट पुन्हा गणवेशात आणले ते बकऱ्याच्या कातड्याचे, आणि खिशांना बाजूचे तोंड त्यानंतर मिळाले. तुम्ही सांगितलेले दाणे आणि खिसे पाहता तुमचे जॅकेट युद्धातले नाही, हे मी खात्रीने सांगतो.

ढालीबद्दल मात्र घाई करू नये. ते चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचे चिन्ह आहे: सूर्य चीनचा, तारा भारताचा. आसामातल्या चाबुआसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून कुनमिंगला माल पोहोचवणारे अमेरिकी वैमानिक ते लावत असत, आणि अशा अनेक ढाली इथल्याच कारागिरांनी चामड्याचे तुकडे कापून हाताने जोडलेल्या आहेत. म्हणून मला एखाद्या अखंड, कोऱ्या जॅकेटापेक्षा अशी एक खरी ढाल अधिक मोलाची वाटते. ढालीची कड किंचित उचलून पाहावी. ती पूर्वीपासून तिथे असेल, तर खालचे चामडे आजूबाजूच्या भागापेक्षा गडद राहिलेले असते. नोटा तपासण्याचा जांभळा दिवाही अंधारात तिच्यावर धरावा. धागा निळसर पांढरा चमकला, तर तो बहुधा युद्धानंतरचा समजावा, कारण धाग्यांना उजळपणा देणारी रसायने नंतरच्या काळात सर्रास वापरात आली.

उत्तर (वास्को)

माझी नोकरी दाबोळीच्या नौदल तळावर झाली, त्यामुळे थोडी भर घालतो. अमेरिकी नौदलाचे जॅकेट ए-२ नसून जी-१ असते. त्याला केसाळ कॉलर असते आणि हात पुढे ताणता यावेत म्हणून पाठीला दोन्ही बाजूंनी चुण्या असतात. जेट विमाने फार उंचावर जाऊ लागली, तेव्हा ओलावलेले चामडे थंडीत ताठर होई आणि अरुंद कॉकपिटमध्ये जाड कपडा अडचणीचा ठरे. त्यामुळे १९५० च्या सुमारास नायलॉनचे एमए-१ आले. अपघातानंतर वैमानिकाने जॅकेट उलटे घालावे आणि शोध घेणाऱ्यांना तो लांबून दिसावा, म्हणून १९६० पासून त्याचे अस्तर भडक नारिंगी झाले. बोगमाळो रस्त्यावरचे नौदल विमानन संग्रहालय एकदा अवश्य पाहावे. तिथे सी हॉक या जुन्या लढाऊ जेट विमानाच्या कॉकपिटचा आकार पाहिला की जॅकेट कमरेशीच का संपते ते लगेच कळते.

उत्तर (डिचोली)

बुरशीबद्दल लिहिते. कृपा करून खोबरेल तेल लावू नका. माझ्या वडिलांच्या चामडी कोटाला एका पावसाळ्यात घरच्यांनी प्रेमाने तेल चोळले आणि गणेश चतुर्थीपर्यंत त्याची कॉलर चिकट, काळपट होऊन शिवणीतून सुटली. बुरशी घराबाहेर, तोंडाला फडके बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झाडावी आणि जॅकेट वाऱ्याशी सावलीत टांगावे. उन्हात कातडे तडकते. नंतर रुंद खांद्याच्या हँगरवर सुती कापडाच्या पिशवीत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. टिचबटणांवर हिरवा थर आला असेल, तर तो काडीच्या टोकाने खरवडावा, पाणी लावू नये.

प्रश्नकर्ता (फोंडा)

सर्वांचे आभार. काल रात्री एका ओळखीच्या दुकानदाराकडून दिवा आणून ढालीवर धरला. कडेचा सगळा धागा निळसर उजळला. मात्र सूर्याच्या भोवतीचे बारीक टाके काळेच राहिले आणि तिथले चामडे कडेच्या चामड्यापेक्षा पातळ, घासलेले आहे. ढाल जुनी असून नंतर या जॅकेटावर नव्या धाग्याने शिवली असावी, असे मला वाटते. मडगावच्या सदस्यांना ती प्रत्यक्ष दाखवायची आहे. तोवर मी एकही टाका उसवणार नाही.