जुना फोर बाय फोर ट्रक घेऊन त्यावर प्रवासाचं घर बांधायचंय, कुठला घेऊ?

माळरान:
नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचतोय, आता विचारूनच टाकतो. आम्ही दोघं, नवरा-बायको, पुढची काही वर्षं रस्त्यावरच काढायची असं ठरवलंय, वाळवंट डोंगर सगळं, आणि त्यासाठी जुना ट्रक घेऊन मागे राहण्याची केबिन बांधायची आहे. दोन गाड्या नजरेत आहेत. दोन्ही मर्सिडीजच्या ट्रक, एक लष्करातून निघालेली युनिमॉग यू १३०० एल आणि दुसरी छोट्या नाकाची ९११, तीही फोर बाय फोर. दोन्ही चालू स्थितीत आहेत. कुठली घ्यावी? आणि आत लाकूडकाम, सोलर, शॉवर यात आधी काय करावं? आगाऊ धन्यवाद.

खडीवाट:
इंजिनाच्या नावावर भांडायचं कारणच नाही, दोन्हीत एकच ओएम ३५२ आहे, ६ सिलिंडर, ५.७ लिटर, सगळं मेकॅनिकल, इंजेक्शन पंपापासून. हे इंजिन जगभर ट्रक आणि बसमध्ये बसलेलं आहे त्यामुळे आफ्रिका असो की दक्षिण अमेरिका, ते उघडलेला मिस्त्री कुठेतरी भेटतोच. फरक खाली आहे. युनिमॉगला पोर्टल ॲक्सल, म्हणजे चाकाच्या हबमध्ये गिअर, त्यामुळे डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, उंच राहतो आणि खडकावरून गाडी सहज जाते, पण चार हब, चार ठिकाणचं ऑइल, चार ठिकाणचे सील, आणि केबिनमध्ये आवाज भरपूर. ९११ साधी सरळ, पाट्यांच्या स्प्रिंगवरची, दुरुस्तीला सोपी आणि वजन जास्त पेलते. दोघं वर्षानुवर्षं राहणार असाल तर मी ९११ घेईन.

पाटा_स्प्रिंग:
खडीवाट यांना अनुमोदन, फक्त एक सांगतो, शॉवरचा विचार आत्ता डोक्यातून काढा. आधी सबफ्रेम, म्हणजे ट्रकची चॅसी आणि मागची पेटी यांच्या मधली चौकट. सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ तिथे घाला, कारण ते नंतर बदलता येत नाही, बाकी सगळं येतं.

ट्रकची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळली जाते, तशीच ती बनवलेली असते. एक पुढचं चाक खड्ड्यात आणि विरुद्ध बाजूचं मागचं दगडावर चढलं की चॅसीच्या दोन्ही रेल, म्हणजे लांब तुळया, एकमेकींपासून वळतात. तुमची मागची केबिन मात्र पेटीसारखी ताठ, तिला वळता येत नाही. ती सरळ बोल्टने आवळली की कोण तरी हार मानणार: आधी दरवाजा अडकायला लागतो, मग पॅनेलचे कोपरे सुटतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्रायव्हर केबिनच्या मागेच रेलला चीर जाते. युनिमॉगची चॅसी तर फारच पिळते, तिथे तीन किंवा चार बिंदूंवर फिरणारी सबफ्रेमच हवी. ९११ सारख्या सरळ रेलवर मागे घट्ट आणि पुढे स्प्रिंगवर बसवलेली सबफ्रेमही चालते.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवा आणि ड्रायव्हर केबिन आणि मागच्या पेटीमधलं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजा, आणि मग तिरकं बदलून पुन्हा. किती हलतं ते बघून जागा सोडा. आतून ये-जा करायला भोक पाडणार असाल तर मध्ये रबरी भाता हवा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आत. आणि चॅसीच्या रेलच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच, भोकं उभ्या भागातच.

रेतीवाला:
वजनाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. यू १३०० एल चं सामानासकट चालणारं एकूण वजन साडेसात टनाच्या आसपासच बसतं आणि त्यात ट्रक स्वतःच बराच खाऊन टाकतो. तुमचं पाणी २५० लिटर म्हणजे २५० किलो, डिझेल ३०० लिटर म्हणजे जवळपास तेवढंच, वर पेटी, फर्निचर, अवजारं, दोघं तुम्ही. १४.०० आर २० मापाची स्टेपनी रिमसकट दीडशे किलोच्या आसपास जाते, ती खाली-वर करायला हाताने फिरवायची छोटी क्रेन हवी. म्हणून लाकडाचा सोस सोडा, फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये फोम असलेलं पॅनेल घ्या, ते हलकं, उबदार, आणि मध्ये लोखंडी कोन आरपार जात नसला की भिंतीला ओल धरत नाही.

मागे जोडचाकं असतील तर एकेरी मोठी करा, मग मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीत जातं आणि वाळूत निम्मी मेहनत वाचते, शिवाय दोन टायरमध्ये दगड अडकणं बंद. पण त्या एका टायरची भार पेलायची ताकद आधी बघा, आणि सध्याच्या टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. लष्करी गाड्या कमी फिरलेल्या असतात म्हणून टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारं. तेच ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि डायफ्रामचं, म्हणजे आतल्या रबरी पडद्यांचं, उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त सडते.

माळरान:
बापरे, मी नळ आणि रंग बघत बसलो होतो. मग लिथियम बॅटरीही वजनासाठीच घ्यायची ना?

पाटा_स्प्रिंग:
हो, पण ती आत, उबेत ठेवा. शून्य अंशाखाली लिथियम फॉस्फेटला चार्जिंग द्यायचं नसतं, सेल खराब होतात. ट्रक २४ व्होल्टचा असला आणि राहायची पेटी १२ ची, तर मध्ये चांगला चार्जर टाका आणि स्टार्टरच्या बॅटऱ्यांना हात लावू नका. डिझेल हिटर घ्याल तो उंचीवर चालणारा घ्या, हवा विरळ झाली की साधा हिटर काजळी धरतो आणि नेमका थंडीतच बंद पडतो.

खडीवाट:
घ्यायच्या आधी एकच करा, गाडी रिकामी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. ते दोन आकडे इथे टाका, मग पेटी किती लांब करायची ते सगळे मिळून काढू.