चांगथांगला तीन महिने मेंढपाळांसोबत: जनावरांच्या जंतांपासून कसं जपायचं?

रेवाकाठ_इंदूर:
नमस्कार मंडळी. माझी भाची पश्मिना शेळ्यांच्या अभ्यासासाठी लडाखच्या चांगथांगला निघालीये. तीन महिने चांगपा लोकांच्या तंबूंजवळ मुक्काम, 4,000 मीटरच्या वर. पोर सुदामा नगरात वाढलेली, शेळ्यांची सवय अजिबात नाही. तिकडच्या जनावरांच्या पोटातले जंत माणसाला लागतात का? आत्ताच जंताची गोळी देऊन ठेवू का? तिला अडवायचं नाहीये, पण बहिणीला झोप नाही.

महूचा_पशुवैद्य:
ताई, गोळी नको. आज घेतलेली गोळी पुढच्या महिन्यात पोटात जाणाऱ्या जंताला अडवत नाही.

शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यातले बरेचसे गोल जंत जनावरातच राहतात, कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवीही तसेच. करडं त्यांनी खंगतात, माणसाला सहसा त्रास नाही. मला धास्ती आहे ती कळपाच्या कुत्र्यांची. कापलेल्या मेंढीचं काळीज-फुप्फुस कुत्र्याने कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, थंडीत महिनोन्महिने टिकतात. माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ (हायडॅटिड) धरते आणि कळायला कित्येक वर्षं जातात. महूला शिकत असताना मेंढीच्या फुप्फुसातली अशी गाठ मी स्वतः चिरलीये. लिंबाएवढी, पांढरट, आत नितळ पाणी आणि तळाशी बारीक रेती. ती रेती म्हणजे कृमीची पिल्लावळ. अजून डोळ्यांसमोर आहे.

कुत्र्याला हात लागला की साबणाने हात धुतल्याशिवाय घास नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.

गिरिजा_विजयनगर:
स्पितीत मी दोन उन्हाळे काढलेत. पहाटे पाणी गोठलेलं असतं, म्हणून सगळे सॅनिटायझरवर भागवतात. तसं करू नका. हगवण लागलेल्या वासरा-करडांकडून क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी येतो, त्याला ना सॅनिटायझर पुरतं ना क्लोरीनची गोळी. मी ओढ्याच्या पाण्यात गोळी टाकून निर्धास्त झाले आणि दोन आठवडे पाण्यासारखे जुलाब काढले. शौचाच्या पहिल्या तपासणीत काहीच निघालं नाही. क्रिप्टोसाठी वेगळी तपासणी सांगावी लागते, दुसऱ्या खेपेला सांगितली तेव्हा सापडला.

पाणी उकळूनच प्यायचं. उंचीवर ते कमी तापमानाला उकळतं (लेहलाच 88 अंशांच्या आसपास), म्हणून उकळी फुटल्यावर तीन मिनिटं तसंच खळखळू द्यायचं. दोन थर्मास द्या बरोबर, एक प्यायला, एक हात धुवायला. दूधही कच्चं नको, कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी.

रेवाकाठ_इंदूर:
गिरिजाताई, थर्मास आजच आणते. डॉक्टरकाका, परत आल्यावर सोनोग्राफी करून घेऊ का?

महूचा_पशुवैद्य:
लगेच नको, इतक्यात गाठ दिसणारच नाही. पण लडाखचा मुक्काम तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर नोंदवून ठेवा. पुढे कधी यकृतात गाठ निघाली तर हायडॅटिडची शंका फिटल्याशिवाय सुई घालू देऊ नका. ती फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येते.

आणखी एक. लांडग्यांमुळे तिथे कुत्र्यांवाचून कळप राखता येत नाही, तेव्हा 'कुत्री लांब ठेवा' असं तिने कुणाला सांगू नये. तिथल्या पशुवैद्याला विचारून कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचं औषध मिळतंय का ते बघावं. मेंढी कापतील त्या दिवशी काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकण्याऐवजी खोल पुरायला हात लावावा. तंबूतल्या लहान मुलांनाही त्याचाच उपयोग होईल, ती दिवसभर त्याच कुत्र्यांच्या गळ्यात पडलेली असतात.