मदत हवी आहे: मिक्सरवरील मराठी लेख शोधात येत नाहीत

मिक्सर आणि वेट ग्राइंडर यांची तुलना करणारे अफिलिएट (लिंकवरून खरेदी झाल्यास कमिशन मिळवून देणारे) संकेतस्थळ मी मराठीत, वर्डप्रेसवर चालवतो. संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बऱ्याच लेखांपुढे ‘क्रॉल झाले, पण अद्याप इंडेक्स झालेले नाही’ या अर्थाची नोंद दिसते, म्हणजे गूगलने पान वाचले, पण शोधाच्या सूचीत घेतलेले नाही. साइटमॅप (पानांची यादी) दिलेला आहे, नोइंडेक्स (पान सूचीत घेऊ नये अशी सूचना) कुठेही नाही आणि गूगलने २०१९ मध्ये आणलेला ‘स्पॉन्सर्ड’ हा रेल-गुणधर्म (लिंक मोबदल्याची आहे हे सांगणारी कोडमधील खूण) सर्व अफिलिएट लिंकना लावलेला आहे. यंत्रानुवाद मी वापरत नाही. जी यंत्रे स्वतः वापरून पाहिली त्यांचे लेख शोधात दिसतात. केवळ उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून लिहिलेले मात्र दिसत नाहीत, त्यामुळे अडचण तांत्रिक नसावी असे वाटते. जाहिरातींवर खर्च करणे किंवा इंग्रजीकडे वळणे शक्य नाही. अशा स्थितीत हे लेख काढून टाकावेत, की एकाच तुलनात्मक लेखात सामावून घेऊन जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगून) तिकडे वळवावेत?