मदत हवी आहे: चुंबकीय पट्ट्याचा परिणाम स्वतःवर कसा तपासावा?

सुहास: मला कार्पल टनेल सिंड्रोम आहे, म्हणजे मनगटातील मज्जातंतू दाबला जाऊन बोटांना मुंग्या येतात. मनगटाला बांधायचा चुंबकीय पट्टा आणला आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो की नाही, हे घरच्या घरी तपासण्याची पद्धत हवी आहे. शस्त्रक्रियेचे सल्ले नकोत.

वैदेही: मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार आहे का आणि अन्य कोणता उपचार चालू आहे, हे आपण लिहिलेले नाही. करंगळीही बधिर होत असेल, तर मूळ दुखणे वेगळे असू शकते.

काका: तपासायचे काय त्यात? रक्तात लोह असते, चुंबकाने रक्ताभिसरण वाढते. माझा हात याच पट्ट्याने मोकळा झाला.

शंकासुर: काका, हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही, तसे असते, तर १.५ टेस्लाच्या, म्हणजे १५,००० गॉसच्या (ही चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजण्याची एकके) एमआरआय यंत्रात कोणी धडपणे तपासून घेऊ शकले नसते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३० रुग्णांच्या मनगटावर १,००० गॉसचा चुंबक किंवा तसाच दिसणारा बनावट तुकडा ४५ मिनिटे ठेवला होता. वेदना दोन्ही गटांत घटल्या आणि गटागटांत फरक आढळला नाही.

काका: म्हणजे वेदना घटल्याच ना? मग आपली हरकत कशाला आहे?

नीलिमा: पेसमेकर बसवलेल्यांनी चुंबक छातीजवळ आणू नये.

सुहास: मला पेसमेकर नाही, मधुमेह नाही, थायरॉइडही नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते. रात्री मनगटाला आधाराची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधतोच. त्याचा येथे काय संबंध?

वैदेही: संबंध आहे. स्प्लिंटमुळे मनगट सरळ राहते, त्यातून जाणाऱ्या मीडियन नर्व्ह या मज्जातंतूवरील दाब कमी होतो आणि त्यानेच आराम पडू शकतो. तो सोडू नका, मात्र संपूर्ण काळ सारखाच वापरा. चुंबक असलेला आणि नसलेला, असे दिसायला सारखे दोन पट्टे घरच्या कोणाकडे तरी द्या. त्यांनी दर आठवड्याला नाणे उडवून एक निवडावा व आपल्याला सांगू नये. वेदना आणि रात्रीची जाग आपण रोज सकाळी नोंदवा.

शंकासुर: पट्टा टाचणीजवळ नेला की गुपित फुटते, तेव्हा तो मोह टाळावा. अंगठ्याची पकड सैल झाली किंवा त्याच्या बुडाचा स्नायू झिजू लागला, तर मात्र प्रयोग तेथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.

सुहास: चुंबक नसलेला पट्टा कोठून आणायचा?

वैदेही: तसाच आणखी एक घेऊन त्यातील चुंबक काढा आणि तेवढ्याच वजनाच्या पितळी चकत्या शिवा. हे कामही घरच्यांनाच करू द्या.